होमी भाभा परीक्षा : पाचवीतल्या मुलाची तयारी नेमकी कशी करून घ्यायची?

चाफेकळी

लेक पाचवीत आहे. मराठी माध्यम, राज्य मंडळ, मुक्काम डोंबिवली. परवाच्या पालकसभेत बाईंनी सांगितलं की सहावीत होमी भाभाला बसवायचं असेल तर आत्तापासून लागा. सभा संपेपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लासेसच्या जाहिराती येऊन पडल्यासुद्धा. एकाची फी ऐकून नवरा म्हणाला, एवढ्यात आपण चौघं महाबळेश्वर करून येऊ.

मला जे कळलंय ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांगा. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशन १९८१ पासून घेते. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते, मराठीत किंवा इंग्रजीत देता येते. पहिली फेरी लेखी, पर्यायातून उत्तर निवडायचं, १०० गुण, दीड तास. त्यातून निवडलेल्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि त्यातूनही जे पुढे जातील त्यांचा कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. शेवटी सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं.

आता आमच्या चिरंजीवांबद्दल. हातात स्क्रूड्रायव्हर आला की घरातलं काही सुरक्षित नाही. गॅसचा लायटर, घड्याळ, माझा बिघडलेला हेअर ड्रायर, सगळं उघडून झालंय. डाळ उतू का जाते यावर अर्धा तास बोलेल. पण एक जुना पेपर सोडवायला दिला तर शास्त्रज्ञांची नावं, कोणाला कशासाठी नोबेल, कुठल्या उपकरणाने काय मोजतात, इथे सपशेल आडवा. ‘आई, हे विज्ञान नाहीये, हे इतिहास आहे’ असं म्हणून उठून गेला.

तर प्रश्न असे. क्लास लावावाच लागतो का? दुसऱ्या मंडळांची पुस्तकं वाचून घ्यावी लागतात का? पाचवीची शिष्यवृत्ती पण आहे, दोन्ही झेपेल का? आणि प्रॅक्टिकलची तयारी घरी होऊ शकते का? आमच्या शाळेत प्रयोगशाळा आठवीनंतरच उघडते.

निवांत

वाचतोय. आमची कन्या चौथीत आहे, म्हणजे ग्रुपवरच्या हिशोबाने आम्हाला उशीर झालेला आहे.

खडूफळा

ताई, मी सांगली भागातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. मुलं बसवली आहेत, प्रॅक्टिकलला घेऊन मुंबईला गेलोही आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी शिष्यवृत्तीचं उरकून टाकू. राज्य परीक्षा परिषदेच्या त्या परीक्षेत विज्ञान विषयच नाही. प्रथम भाषा-गणित हा एक पेपर, तृतीय भाषा-बुद्धिमत्ता हा दुसरा, मिळून ३०० गुण. होमी भाभा सहावीत आहे, त्यामुळे दोन्ही एका वर्षात येत नाहीत. शिष्यवृत्ती झाली की उन्हाळ्याची अख्खी सुट्टी हातात असते. (इयत्तांमध्ये मध्यंतरी बदल झालेले आहेत, त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत विचारा. ग्रुपवरचं धरू नका.)

आता लेखी. तुमचा मुलगा म्हणतो ते खोटं नाही. पेपरात निव्वळ माहितीचे प्रश्न असतात आणि ते वाचूनच जमतात. पण त्यासाठी जाडजूड गाईड पाठ करायची गरज नाही. बालभारतीची तिसरीपासूनची परिसर अभ्यासाची पुस्तकं आणि सहावीचं सामान्य विज्ञान, ही आधी नीट व्हावीत. नीट म्हणजे त्यातल्या ‘करून पहा’च्या चौकटींसकट. बहुतेक वर्गांत त्या चौकटी वाचून सोडून देतात. त्यानंतर सहावी-सातवीची एनसीईआरटीची पुस्तकं, फक्त चित्रं आणि कृती बघायला. दोन्हीकडची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत.

माझं म्हणणं असं की तयारी लेखीपासून सुरू करूच नका, प्रॅक्टिकलपासून करा. कारण सांगतो. पोरगं एकदा हाताने मोजायला लागलं की लेखीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उलटं होत नाही. मोजपात्राची व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं मी प्रत्यक्ष मोजपात्र समोर आल्यावर गांगरलेली पाहिली आहेत. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढलेलं असतं, मधे खोलगट. वाचन त्या मधल्या खोलगट भागाचं घ्यायचं आणि डोळा त्याच पातळीत आणायचा, म्हणजे गुडघ्यात वाकायचं. मुलं उभ्या उभ्या वरून बघतात आणि चुकीचा आकडा लिहितात. हे वाचून येत नाही, वाकूनच येतं.

घरी करता येण्यासारखं सांगतो.

वहीच्या एका कागदाची जाडी किती? पट्टीने एक कागद मोजता येत नाही, मग २०० पानांची वही घ्या, दाबून धरा, समजा १ सेंटिमीटर भरली. दहातली सात मुलं २०० ने भागतात. पानं २०० असली तरी कागद १०० आहेत! उत्तर ०.१ मिलिमीटर. हे एकदा स्वतः चुकून कळलं की जन्मात विसरत नाही.

ओबडधोबड दगडाची घनता. आपला काळा दगड घ्या, किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून आणा, समजा ५४ ग्रॅम. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी, दगड दोऱ्याने बांधून हलकेच आत सोडा, पातळी ६८ वर गेली. फरक १८. म्हणजे एका घन सेंटिमीटरला ३ ग्रॅम. मग विटेचा तुकडा घेऊन तेच करायला सांगा. वीट पाणी पिते, बुडबुडे येतात, पातळी हळूहळू उतरते. आता काय करायचं? हा प्रश्न त्याला पडू द्या, उत्तर तुम्ही देऊ नका.

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून गाळा. लिंबू पिळलं की गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवट. हळदीच्या कागदाला साबण लाल करतो, पण लिंबू काहीच करत नाही. मग हळदीने आम्ल ओळखता येईल का, हे विचारा. बटाट्याच्या कापावर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पातळ करून एक थेंब, निळंकाळं होतं. तेच काकडीवर करून बघा.

आणि शेवटचं, माझं आवडतं. एक सेल, टॉर्चचा एक बारका बल्ब, एकच वायर. पेटव म्हणावं. दोन वायरी मिळाल्या तर कोणीही पेटवतो. एका वायरीवर भलेभले अडतात, कारण बल्बला दोन टोकं असतात, एक खालचं आणि एक बाजूच्या धातूचं, हे कोणी कधी निरखून पाहिलेलंच नसतं. घरच्या प्लगच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

चाफेकळी

खडूफळा सर, दंडवत! वीट आजच गच्चीवरून आणली. प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय.

शिकवणीवाला

मी ठाण्यात क्लास घेतो आणि होमी भाभाची बॅचही घेतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय.

सरांचं सगळं पटतं. पण वस्तुस्थिती अशी की पहिली चाळणी लेखीची आहे. प्रॅक्टिकलमध्ये कितीही हुशार असलं तरी तिथपर्यंत पोचलं तर ना! लेखीला बसणाऱ्यांपैकी अगदी थोडी मुलं पुढे जातात आणि एकेका गुणावर अडतात. शंभर प्रश्नांना दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही नाही. हा वेग सरावाशिवाय येत नाही आणि घरी आई-बाबा रोज घड्याळ लावून बसत नाहीत, म्हणून क्लास चालतात. नोकरीवाल्या घरात सात वाजता येऊन जास्वंद कोण कुस्करणार?

एक मात्र कबूल. आमच्याच धंद्यात चौथीपासून ‘फाउंडेशन’ विकणारे आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ करायला लावतात. त्याला अजून विरघळणं आणि वितळणं यातला फरक कळलेला नसतो. अशा ठिकाणी घालू नका. क्लास लावायचाच तर पाचवीची परीक्षा झाल्यावर लावा, आणि आधी जाऊन बघा, तिथे एखादं तरी मोजपात्र आहे की नुसती प्रश्नपत्रिकांची बाडं.

माळरान

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, सोलापूर जिल्हा. आमच्याकडे होमी भाभा म्हटलं तर पालक विचारतात, ही कुठली योजना, पैसे खात्यावर कधी येणार?

गंमत सोडा. दर वर्षी चार-पाच पोरं अशी असतात की शहरात असती तर पदक घेऊन आली असती. शेतात मोटार कशी प्राइम करायची, पाइपात हवा धरली तर पाणी का येत नाही, विहिरीला पाणी कमी झालं की मोटार खाली का उतरवतात, हे सहावीतलं पोरगं मला समजावून सांगतं. हवेचा दाब त्याने पाहिलेला आहे, शब्द तेवढा माहीत नाही. पेपरात शब्द विचारतात. पण फी, प्रवास, प्रॅक्टिकलला लांब जायचं, पालकाचा दिवसाचा रोजगार बुडणार, हे सगळं धरलं की मुख्याध्यापकही पुढे होत नाहीत.

म्हणून मी दुसरी वाट धरली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे ना, ती ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिथे २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांना आत सोडतात आणि शाळांच्या मुलांचे प्रयोगही मांडलेले असतात. खेड्यापाड्यातून पोरं येतात. आमची वर्गणी काढून गाडी केली होती. एका पोराने तिथल्या माणसाला विचारलं, ‘ही छत्री जाळीची का? भोकातून पाऊस जातो तसा सिग्नल जात नाही का?’ त्या माणसाने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि जमिनीवर बसून त्याला लहरीची लांबी समजावली. जाळीचं भोक लहरीपेक्षा खूप लहान असलं की लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. आणि भोकं ठेवल्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो. पोरगं परतताना गाडीत सगळ्यांना तेच सांगत होतं.

शिवाय सहावीपासून सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे. मुलाने आपली कल्पना शाळेमार्फत पाठवायची, निवड झाली तर नमुना करायला १० हजार रुपये मिळतात. तिथे घोकंपट्टी नाही. ग्रामीण पालकांनी आणि शिक्षकांनी तिकडेही बघावं.

परीक्षानळी

मी स्वतः सहावीत असताना दिलेली आहे, रौप्यपदक. आता रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. दोन गोष्टी सांगते.

पहिली, नावाचा घोळ. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वेगळं, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं. ते ही स्पर्धा घेत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडसाठी भारताची मुलं निवडण्याचं काम त्यांच्याकडे असतं आणि ते मोठ्या मुलांसाठी. खासगी संस्था शाळाशाळांतून ज्या ‘ऑलिम्पियाड’ घेतात त्यांचा याच्याशी संबंध नाही. पालक सगळं एकाच पातेल्यात घालतात म्हणून लिहिलं. त्या केंद्राने तिसरी ते पाचवीसाठी कृतींची पुस्तकं मात्र सुंदर काढली आहेत, मराठीतही. तुमच्या स्क्रूड्रायव्हरवाल्याला ती नक्की आवडतील. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणीही.

दुसरी, पाठांतराबद्दल. आम्ही होमी भाभांची जन्मतारीख ३० ऑक्टोबर १९०९ अशी घोकली होती. टीआयएफआरची स्थापना १९४५. पण तेच भाभा लहानपणी धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या मेकॅनोच्या सेटमध्ये तासन्‌तास रमायचे, पुस्तिकेतल्या नमुन्यांऐवजी आपलंच काहीतरी जोडायचे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं! चाफेकळीताई, हेअर ड्रायर उघडणाऱ्याला हे सांगा.

प्रॅक्टिकलच्या खोलीत भीती वाटते ती वेळेची. प्रत्येक टेबलावर थोडाच वेळ असतो. मी एका टेबलावर रंग बघून लगेच उत्तर लिहून मोकळी झाले आणि उरलेला वेळ पुढच्या टेबलाकडे टक लावून बसले. शेजारचा मुलगा आधी कागदावर काय काय दिसतंय ते लिहीत होता, मग उत्तर. आता प्रयोगशाळेत मी रोज तेच करते.

बटाटेवडा

प्रकल्पाचं कोणी बोलत नाहीये. तिसऱ्या फेरीत मुलाचं संशोधन नसतं हो, बापाचं असतं. आमच्या सोसायटीतल्या एका सहावीच्या ‘बालवैज्ञानिकाची’ फाइल मी पाहिली आहे. स्पायरल बाइंडिंग, पाय चार्ट, आणि आभारप्रदर्शनात ‘माझे मार्गदर्शक’ म्हणून वडिलांची कंपनीतली पदवी. पोराला विचारलं नमुना किती घरांचा घेतलास, तर म्हणे पप्पांना विचारतो.

खडूफळा

वडेवाले, असं होतं हे खरं, पण मुलाखतीत ते पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं. परीक्षक काही अवघड विचारत नाहीत. ‘मोजायला हीच वेळ का घेतलीस? पहिल्यांदा मोजलं तेव्हा किती आलं? मग पुन्हा का मोजलंस?’ स्वतः केलेला मुलगा इथे खुलतो, फाइलवाला गप्प होतो.

आमच्या एका विद्यार्थ्याचा विषय होता गळका नळ. शाळेच्या टाकीखालची तोटी थेंबथेंब गळायची. त्याने खाली औषधाचं मापाचं भांडं ठेवलं, तासाला १२५ मिलिलिटर भरलं. दिवसाला ३ लिटर. मग त्याच्या लक्षात आलं की सकाळी टाकी भरलेली असताना थेंब भराभर पडतात आणि दुपारी सावकाश. म्हणजे एका तासावरून दिवसाचा हिशोब करणं चूक! मग तो तासातासाला मोजत बसला, मधल्या सुट्टीत डबा तिथेच खाल्ला. वहीत खाडाखोड, पाण्याचे डाग, एका आकड्यापुढे ‘इथे भांडं कोणीतरी लाथाडलं’ असं लिहिलेलं. फाइल स्वच्छ लिहून काढू का विचारायला आला. मी म्हटलं, स्वच्छ प्रत कर, पण ही वहीसुद्धा सोबत ने. मुलाखतीत त्यांनी स्वच्छ प्रत उघडलीसुद्धा नाही.

एक जुनी आठवण, थोडं अवांतर. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये सुरू झाली तेव्हा ती फक्त विज्ञानाची होती. दिल्लीपुरती आणि शिष्यवृत्त्या दहाच. त्या काळात मुलांना लेखीबरोबर निबंध आणि प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे आणि मुलाखत असे. पुढे १९७६ नंतर व्याप वाढला, बाकीचे विषय आले. हजारो-लाखो मुलांचे प्रकल्प कोण तपासणार? पर्यायी प्रश्न स्वस्त पडतात. होमी भाभामध्ये प्रॅक्टिकल अजून टिकून आहे याचं मला त्यामुळेच अप्रूप वाटतं. त्यासाठी शाळाशाळांचे शिक्षक सुट्टीच्या दिवशी राबतात.

शिकवणीवाला

सर, इथे सहमत. माझ्या बॅचमधली जी मुलं प्रॅक्टिकलपर्यंत पोचली, ती लेखीत सगळ्यात पुढे होतीच असं नाही.

निवांत

म्हणजे मुलीला सध्या चौथीत काहीच लावायचं नाही ना? नीट सांगा, घरी पुरावा म्हणून हा धागा दाखवायचा आहे.

परीक्षानळी

काही लावू नका. रविवारी सकाळी तिला स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर उभं करा आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घेऊन जा, पण तिला एकाच यंत्रापाशी तासभर रेंगाळू द्या, सगळं बघून झालं पाहिजे म्हणून हात धरून ओढू नका.

माळरान

आणि हरली तरी पेढे वाटा. आमच्याकडे एकाने पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून पोराचं विज्ञानाचं पुस्तकच कपाटात ठेवून दिलं. आता गणिताकडे लक्ष दे म्हणाला.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. ठरलं असं की क्लास नाही, शिष्यवृत्ती होईपर्यंत होमी भाभाचं नावही काढायचं नाही, फक्त शनिवार संध्याकाळ प्रयोगांची. विटेचा प्रयोग झाला. चिरंजीवांनी वीट आधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली आणि मग मोजपात्रात सोडली, म्हणाले आता तिचं पोट भरलेलं आहे. बरोबर आहे का सर?

अडचण बल्बची. डोंबिवलीत टॉर्चचा जुना बल्ब कुठेच मिळत नाही, सगळीकडे एलईडी. दुकानदार हसला मला. एलईडी चालेल का?

खडूफळा

विटेचं झकास! फक्त तोलायची मात्र कोरडी वीट, भिजवण्याआधी. भिजवलेली तोलली तर प्यायलेलं पाणीही वजनात येईल.

एलईडीने एका वायरीचा प्रयोग तसाच होत नाही. एका १.५ व्होल्टच्या सेलवर तो पेटत नाही, दोन सेल लागतात, आणि लाल रंगाचा घ्या, सोबत १०० ओहमचा एक रोधक मालेत जोडा, नाहीतर जळेल. लांब पाय धन टोकाकडे. उलटा लावला तर पेटणार नाही, म्हणजे बल्बने जे शिकता येत नाही ते याने शिकता येईल. पण जुना बल्बही हवाच. लॅमिंग्टन रोडला मिळेल. पुण्यात कोणी जाणार असेल तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत. अडीच व्होल्टचा म्हणून मागा. दोन-चार जास्तीचे आणा, मुलं आधी काच फोडतात.